चिमणी सर आणि बायांची गिरणी

बोरसे सर पहिल्या भेटीत कोणाचंही नाव विचारत नाहीत. ते विचारतात, "तुमच्या फोनचा मालक कोण?"

समोरचा साहजिकच म्हणतो, "मी."

"मग त्याला सांगा, पुढचं अपडेट घेऊ नकोस म्हणून. बघा ऐकतो का."

समोरचा हसतो. सर हसत नाहीत. ते फोनकडे असं बघतात, जसं दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलेल्या आपल्या बैलाकडे बघावं.

मला हा प्रश्न त्यांनी भर वर्गात विचारला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, मायक्रोप्रोसेसरचा पहिला तास. मी पहिल्या बाकावर होते, कारण मागच्या बाकांवर आधीपासून ओळखी असाव्या लागतात आणि माझ्या नव्हत्या. मी उभी राहिले आणि घाबरून म्हणाले, "पप्पा."

वर्ग हसत सुटला. मला अजून तो आवाज आठवला की कान तापतात. पण खोटं काय होतं? सिम पप्पांच्या नावावर, फोन पप्पांनी द्राक्षाच्या छाटणीचा हंगाम संपवून येताना आणलेला. आमच्या हरसूलच्या पाड्यावर दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिलीच. कुठल्याही अर्जावर 'मालक' दिसलं की मी पप्पांचंच नाव लिहायचे.

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'सिम : पप्पा.' मग त्याखाली बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा, प्रोसेसर, आणि प्रत्येकापुढे एक प्रश्नचिन्ह. खडू ठेवून ते वर्गाला म्हणाले, "या मुलीनं निदान एका ओळीचा सातबारा बघितलाय. तुम्ही सगळे न बघताच मालक झालात."

वर्ग आणखी हसला. सरांनी माझी बाजू घेतली होती, आणि त्यामुळे मला जास्तच मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी चिमणी सरांची झाले.

चिमणी म्हणजे सरांचा प्रोसेसर. विकत घेतलेला नव्हे, मांडलेला. बाजारात एक बोर्ड मिळतो. त्यावरच्या चिपला आपण लिहून सांगू तशी ती आतून नव्याने जोडली जाते. त्यावर सरांनी एक अख्खा प्रोसेसर उभा केला होता, ज्याची रचना जगात कोणालाही बघायला, वापरायला, बदलायला मोकळी आहे. सर सांगायचे, "बाजारातला प्रोसेसर म्हणजे हॉटेलची भाजी. खा, पण मसाला विचारू नका. त्यानं उद्या हॉटेल बंद केलं तर तुम्ही उपाशी. ही घरची भाजी आहे. कृती भिंतीवर लावलेली. खारट झाली तर शिव्या मला द्या, आणि मीठ तुम्ही कमी करा."

ती घरची भाजी शिजायला मात्र फार वेळ घ्यायची. कॉलेजचं हजेरीचं ॲप सर वापरत नसत, हजेरी चिमणीवरच. एकेक नाव पडद्यावर उमटायचं आणि प्रत्येक नावानंतर चिमणी बारीक आवाजात 'चिक' करायची. आडनाव लांब असलं की मुलं टाळ्या वाजवून तिला धीर द्यायची. हजेरी संपता संपता तास संपायचा. सर समाधानानं म्हणायचे, "आज कोणाचाही डेटा वर्गाबाहेर गेला नाही." खरं होतं. आतही काही आलं नव्हतं.

कॉलेजच्या दारात अंगठ्याचं मशीन होतं. सर त्याला अंगठा देत नसत. "पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर काय करू? आणि हा जातो कुठं, ते सांगा ना. सर्व्हर कुठल्या गावी आहे?" हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. त्यामुळे सर रोज सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या नंतर जायचे आणि कागदोपत्री कायम गैरहजर असायचे. एकदा विभागप्रमुख मॅडम व्हरांड्यात आमच्यादेखत म्हणाल्या, "बोरसे सर, रेकॉर्डप्रमाणे तुम्ही या कॉलेजला कधी आलेलाच नाहीत."

सर म्हणाले, "मग आत्ता तुम्ही कोणाशी बोलताय, मॅडम?"

मॅडमनी डोळे मिटले. मी चप्पल बघत उभी राहिले. सरांबरोबर असलं की माझं चप्पल फार बघून व्हायचं.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टचे गट पडले. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांनी चांगले गाईड धरले. मी विचारू की नको करत राहिले, आणि यादीत माझ्यापुढे सर उरले, सरांपुढे मी. मुली म्हणाल्या, "अरे देवा, तुला चिमणी मिळाली?" मीही तोंड वाकडं केलं. म्हणजे हसले.

एकदा त्यांच्याबरोबर नाशिक रोडला सुटे भाग घ्यायला गेले होते. सर तिथंच एका कॉलनीत खोली घेऊन राहतात. येताना मिसळ खायला नेलं. गल्ल्यावरचा डबा ओरडला, अमुक रुपये प्राप्त झाले. सर ताट सोडून उठले.

"पैसे आले हे तुम्हाला कोण सांगतं?" त्यांनी मालकाला विचारलं.

"हा डबा."

"आणि डब्याला कोण सांगतं?"

"कंपनी."

"आणि ती खोटं बोलली तर? याचा सातबारा बघितलाय का कधी?"

मालकानं मागच्या रांगेकडे बघितलं, मग सरांकडे. "साहेब," तो म्हणाला, "तुमचा रस्सा गार होतोय."

सगळं हॉटेल हसलं. मी वाटीतला कांदा चमच्यानं इकडून तिकडे करत बसले. मनात म्हटलं, हे माझे कोणी नाहीत. त्यांनी परत येऊन माझ्या वाटीत जास्तीचा रस्सा घातला आणि म्हणाले, "भोये, लाजू नको. तो विचार करतोय." तो विचार करत नव्हता. तो शेव भरत होता.

सर प्रोजेक्टच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारायचे, "तुझ्या घरी बंद पडलेलं काय आहे?" माझ्या घरी बंद पडावं असं काही नव्हतं. मी बरेच दिवस टाळलं. शेवटी एकदा सांगून टाकलं की आईच्या बचत गटाची गिरणी आहे, ती कोड मागते.

सरांचा हात हवेतच राहिला. "कोड मागते म्हणजे?"

मग सगळं सांगावं लागलं. गटाला एका योजनेतून नागली, म्हणजे नाचणी, दळायची गिरणी मिळाली होती. तिला एक छोटा पडदा. वर्षभर चांगली चालली. मग एका सकाळी पडद्यावर आलं, 'सेवेची मुदत संपली. कोड टाका.' कंपनीचा फोन लागेना. पुढे कळलं की कंपनीच उठली. बायांनी गावाचा पिनकोड टाकून बघितला, सरपंचांच्या गाडीचा नंबर टाकला, माझा बारावीचा सीट नंबरही टाकला. दसऱ्याला गिरणीला झेंडू वाहिले. आई म्हणायची, "देव कोपला तर नारळ तरी फोडता येतो. हिला काय फोडायचं?"

मला वाटलं सर हसतील. ते हसले नाहीत. सर मूळचे सटाण्याकडचे. फार आतून काही हललं की त्यांची अहिराणी बाहेर येते. ते पुटपुटले, "हाई कोनं शे मग?" हे कोणाचं आहे मग?

आणि मग, "मी येतो."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते आले. मी सुट्टीला घरीच होते. पहिल्या एसटीतून उतरले तेव्हा पोटाशी चिमणीची पेटी, खांद्यावर कीबोर्ड, हातात पडदा. स्टँडवर कोणीतरी विचारलं, "टीव्ही दुरुस्तीवाले का?" सर म्हणाले, "नाही, मालकी दुरुस्तीवाले." मी घाईघाईनं त्यांना पुढे घातलं.

घर जवळ येईल तशी मला वेगळीच लाज वाटायला लागली. आता सरांची नाही, आमची. कुडाच्या भिंती, दारात कोंबड्या, आणि पप्पा नेमके बनियनवर. पप्पांनी सरांना बघितलं आणि हात जोडले. "पोरीनं काय केलं का सर?"

"केलं ना. तिनं मला बोलावलं."

पप्पांना काही कळलं नाही, पण त्यांनी खुर्ची पुसली.

गिरणी समाजमंदिराशेजारच्या खोलीत होती. दारात चार गोणी नागली आणि गटाच्या सगळ्या बाया. कारण त्याच आठवड्यात गटाला नाशिकच्या एका दुकानाची ऑर्डर आली होती, पाड्याबाहेरची पहिली. चारही गोणींचं पीठ दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलं तर ठीक, नाहीतर दुकानदार दुसरीकडून घेणार होता. आईनं मला तीनतीनदा विचारलं होतं, "तुझं सर करतील ना नक्की?" आणि आमच्याकडे मोटारीला लागणारी लाईट सकाळी येते ती चारच्या सुमारास जाते. हेही तिनं सरांना आल्या आल्या सांगितलं. सर म्हणाले, "चार? भरपूर वेळ आहे."

त्यांनी गिरणीची पेटी उघडली. मी शेजारी टॉर्च धरून होते. आत बघितलं आणि मला धक्काच बसला. कारण आत काहीच नव्हतं. कोडवाला बोर्ड फक्त मोटारीला 'चालू' नाहीतर 'बंद' म्हणत होता. तो बोर्ड काढून साधा स्टार्टर लावला की गिरणी फिरणार होती. आणि भात भरडायच्या जुन्या मशीनचा स्टार्टर समोरच भिंतीला होता.

सर बराच वेळ आत बघत राहिले. मी म्हणणार होते, "सर, हा स्टार्टर..." पण वाटलं, ते सर आहेत. त्यांना दिसलं नसेल असं कसं होईल? मला न दिसणारं काहीतरी त्यांना दिसत असेल. मी गप्प राहिले.

सर उठले, बायांकडे वळले आणि म्हणाले, "या गिरणीला आपण नवीन डोकं बसवू. तुमचं स्वतःचं."

आणि दिवस सुरू झाला. सर वायर सोलत होते, बोलत होते. बाया आधी लांब होत्या, मग दारात, मग चिमणीच्या भोवती. 'चिक' झालं की हसायच्या. कोणी च्या आणला, कोणी पेरू. सर म्हणाले, "आता हिचा सातबारा करू. मालकांची नावं सांगा."

"यांचं घाला," एकजण नवऱ्याकडे बोट करून म्हणाली.

"ते दळायला येतात का?"

"ते? ते खायला येतात."

"मग तुमचं."

एकेक बाई पुढे येऊन नाव सांगू लागली. सर टाइप करायचे, आणि चिमणी तिच्या चालीनं एकेक अक्षर पडद्यावर आणायची. सखूमावशी आमच्या पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी. तिचं नाव पूर्ण उमटेपर्यंत ती पडद्यापुढे पदर सावरून उभी राहिली, फोटो काढतात तशी. म्हणाली, "कशावरच नाय चढलं अजून माझं नाव. आज चढलं." कोणाचं नाव चुकलं तर सर पुसून परत घालायचे. कोणाला माहेरचं आडनाव पाहिजे होतं, तेही घातलं.

जेवायला नागलीची भाकरी आणि खुरसणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. सरांनी चटणी परत परत मागून घेतली. बायांना जोर चढला.

"सर, घरी कोण कोण हाय?"

"चिमणी."

"अन् बाई?"

"ती चिमणीच्या आधीच सोडून गेली. तिला काही उघडी यंत्रं आवडत नव्हती. स्वयंपाकघरात मिक्सर उघडा, हॉलमध्ये पंखा उघडा." सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तिचं बरोबर होतं."

बाया खूप हसल्या. सरही हसले. वर्गात मी त्यांना तसं हसताना कधीच बघितलं नव्हतं. मी पुन्हा एकदा म्हणणार होते, "सर, लाईट..." पण तेवढ्यात सखूमावशीनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

गिरणी चालू झाली तेव्हा उन्हं कलली होती. पडद्यावर सगळ्यांची नावं वरून खाली सरकली, चिमणी चिरकली, मोटार घुमली. बायांनी टाळ्या पिटल्या, पप्पांनीसुद्धा. पहिली गोण दळून झाली. दुसरी ओतली, आणि गिरणी हळू होत होत थांबली. लाईट गेली होती.

सर म्हणाले, "येईल ना?"

"आता उद्या," आई म्हणाली.

"पण गाडी तर सकाळची."

दुसऱ्या गोणीचं वरचं पीठ अजून गरम होतं. आईनं त्यात हात घातला, झटकला आणि पदर खोचला. "त्यात काय. जाती हायत ना घरोघर. वाटून घेऊ."

बायांनी उरलेली नागली पाट्यांमध्ये भरली आणि डोक्यावर घेऊन एकेक वाट धरली. ज्या गिरणीमुळे हातांचं दळण सुटलं होतं, तिच्याच दारातून. सरांना कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. उलट सखूमावशीनं चटणीची पुडी त्यांच्या पिशवीत कोंबली. म्हणाली, "तुमच्या चिमणीला."

सरांनी मग जे केलं ते मी बघत राहिले. त्यांनी चिमणीच्या वायरी काढल्या, भिंतीवरचा जुना स्टार्टर उतरवला आणि गिरणीला जोडला. स्क्रू आवळत होते तेव्हा सखूमावशी वाटेवर अजून दिसत होती, आणि सगळं जोडून झालं तरी ती वळणापर्यंतही पोचली नव्हती. काम एवढंच होतं.

स्टँडवर आम्ही दोघंच होतो. पेटी मांडीवर घेऊन सर बाकावर बसले. नाशिकची गाडी लागायची होती.

"भोये," ते म्हणाले, "सकाळी पेटी उघडली तेव्हाच मला दिसलं होतं."

मी चप्पल बघितली नाही. त्यांच्याकडे बघितलं.

"स्टार्टर लावला असता तर आलेल्या गाडीनंच परत जाता आलं असतं." त्यांनी मांडीवरची पेटी सरळ केली. "तेच नको होतं. सुट्टीत कॉलनी रिकामी होते. शेजारचे गावाला जातात, मेस बंद असते. परवापासून मी कोणाशी बोललो नव्हतो. आणि इथं सगळ्या दारात उभ्या होत्या, माझ्यासाठी. मला वाटलं, थोडं लांबवू. नावं घालताना घड्याळ दिसत होतं मला. मी बघितलं नाही." त्यांचा आवाज वर्गातल्यापेक्षा अगदी बारीक झाला होता. "मी त्या कंपनीला शिव्या देतो. आज ती गिरणी मीच अडकवून ठेवली ना? दिवसभर?"

मी म्हणाले, "सर, मलाही दिसलं होतं. स्टार्टरचं."

ते चमकले. "मग बोलली का नाहीस?"

खरं कारण काय होतं, मला तेव्हाही नीट सांगता येत नव्हतं. थोडी भीती होती. थोडी सवयीची लाज. पण दुपारनंतर ते नव्हतं.

"तुम्ही हसत होता," मी म्हणाले.

सरांनी मान खाली घातली. गाडी आली. कंडक्टरनं दार वाजवलं, "त्र्यंबक, नाशिक! चला काका, ती पेटी मांडीवर घ्या." सर उठले, पायरीपर्यंत गेले, एक पाय वर ठेवला. मग पाय खाली घेतला. कंडक्टर म्हणाला, "येताय का नाय?" सर नाही म्हणाले, आणि पेटी पोटाशी धरून पाड्याच्या वाटेला लागले. माझ्या पुढे, मला काहीच न विचारता.

आई ओसरीत जात्यावर बसली होती. सरांना परत आलेलं बघून तिनं दळण थांबवलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काय समजायचं ते समजली असावी, कारण तिनं काही विचारलं नाही. फक्त पाय जवळ घेतला आणि समोर जागा केली.

सर बसले. चिमणीची पेटी कोंबड्यांपासून लांब ठेवायला त्यांनी माझ्या हातात दिली. बाह्या दुमडल्या, खुंटा धरला आणि सगळा जीव लावून ओढला. जातं करकरलं.

"सर," आई म्हणाली, "उलटं फिरवताव."

ते कानापर्यंत लाल झाले. आईनं त्यांच्या हाताच्या वर खुंटा धरला, दिशा दाखवली आणि वरून मूठभर नागली सोडली.